तुमची आजी पुण्याची होती काय?

(१९७८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, रामदासपेठेत केलेले भाषण)



‘अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्या’ हा विषय मला संयोजकांनी दिला. फोनवर ते म्हणाले, "तू लेखिका आहेस, पंधरा-वीस मिनिटं सहज बोलशील. फक्त स्वतःच्या पुस्तकाबद्दल बोलू नको, लोक जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहतील." मी शब्द दिला होता. तो शेवटी थोडासा मोडणार आहे, त्याची आधीच क्षमा मागते.

आज रिक्षातून उतरले तेव्हा मला आपल्या शाळेची गल्लीच सापडेना. बंगले गेले, आंब्याची झाडं गेली, जिथे तिथे दवाखान्यांच्या पाट्या आल्या. शेवटी एका औषधाच्या दुकानात विचारावं लागलं. ज्या रस्त्यानं दहा वर्षं रोज आले तो रस्ता विचारताना कसंतरीच झालं.

लेखिका म्हणजे मी काय आहे ते सांगते. विमा कंपनीतली नोकरी संपल्यावर मी दोन कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीचं हस्तलिखित दोन प्रकाशकांकडे पाठवलं. एकाकडून आठ महिन्यांनी परत आलं, दुसऱ्याकडून अजून यायचं आहे. मग मीच छापायचं ठरवलं. आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई, बांधणी या सगळ्याला पडतात. तीनशे प्रती घरी आल्या. त्या दिवाणात ठेवल्या, त्यामुळे दिवाणातल्या रजया कपाटात गेल्या आणि कपाटातल्या साड्या खुर्चीवर. आमच्या घरात त्या वर्षी पाहुण्यांना बसायला जागा नव्हती.

स्वतःचं पुस्तक विकणाऱ्याला एक रोग होतो. तो दुसऱ्याची पुस्तकं वाचणं सोडतो. दुकानात गेलं की मी आपलं पुस्तक कुठल्या फळीवर आहे ते पाहायची, बाकीच्यांकडे बघायचीच नाही. हा रोग वर्ध्याला बरा झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये विदर्भ साहित्य संघाच्या शताब्दीनिमित्त शहाण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्याला भरलं. तिथे एका ओळखीच्या विक्रेत्याच्या टेबलाचा कोपरा मला मिळाला. तीन दिवसांत माझ्या सात प्रती विकल्या गेल्या आणि मी अकरा पुस्तकं विकत घेतली. घरी आल्यावर यजमान म्हणाले, "म्हणजे तू तिथे दुकानदार होतीस की गिऱ्हाईक?"

त्या अकरांतल्या आणि त्यानंतरच्या काही कादंबऱ्यांबद्दल आज बोलते.

पहिली मनोहर तल्हारांची ‘माणूस’. १९६३ सालची, सायकलरिक्षा चालवणाऱ्या एका माणसाची कादंबरी. आपल्यातले निम्मे लोक सायकलरिक्षानं शाळेत येत. आम्ही धंतोलीतून आठ जण यायचो. पाच आत, दोघं मागे लावलेल्या फळीवर आणि सगळ्यात लहान पुढे दांडीवर. दप्तरं दोन्ही बाजूंना लटकलेली. पावसात रिक्षावाले काका आमच्यावर ताडपत्री ओढायचे आणि स्वतः भिजत पायडल मारायचे. कादंबरी वाचताना मी मध्येच थांबले, कारण मला त्यांचं नाव आठवेना. मग लक्षात आलं, विसरले नव्हते, मला ते कधी माहीतच नव्हतं. पाच वर्षं मी त्या माणसाची पाठ पाहत होते. तल्हारांनी रिक्षावाल्याला समोरून पाहिलं आहे. त्याचं घर, त्याची लाज, त्याचा राग, सगळं.

दुसरी उद्धव शेळके यांची ‘धग’. १९६० साली आलेली. आपल्यापैकी अनेकांनी नाव ऐकलं असेल. मीही पन्नास वर्षं फक्त नावच ऐकलं होतं. कौतिक ही शिंप्याच्या घरातली बाई. नवरा महादेव कुठल्याच कामाला टिकत नाही. लेकरांचं काहीतरी बरं व्हावं म्हणून ती राबते, भांडते, पुन्हा उभी राहते, आणि परिस्थिती तिला पुन्हा खाली बसवते. यात मोठा योगायोग नाही, कोणी खलनायक नाही. घरात धान्य किती उरलं हाच प्रश्न पानोपानी आहे, आणि तेवढ्यावर वाचकाचा जीव टांगणीला लागतो.

पण मला ‘धग’नं धरलं ते तिच्या बोलण्यानं. कौतिक अस्सल वऱ्हाडी बोलते. वऱ्हाडीत हिशेब करते, वऱ्हाडीत चिडते, वऱ्हाडीतच रडते. आणि वाचताना हसू येत नाही. ‘हसू येत नाही’ असं मी म्हणते आहे याचं कारण मला सांगायलाच हवं.

आपण आठवीत होतो तेव्हा वर्गात एक मुलगा होता. आर्वीकडच्या एका खेड्यातून आलेला, काकांकडे राहून शिकणारा. शेवटच्या बाकावर बसायचा. नाव मी इथे घेत नाही, पण काही जणांच्या चेहऱ्यावरून दिसतं आहे की आठवलं. बाईंनी त्याला विचारलं, गृहपाठ का नाही केला? तो उभा राहून म्हणाला, "मले टाइम नाही भेटला बाई." वर्ग हसला. बाई, तुम्ही समोर बसला आहात. तुम्ही हसला नव्हता. तुम्ही हळू आवाजात ‘मला’ म्हणायला सांगितलंत आणि आम्हाला गप्प केलंत. हसणारे आम्ही होतो. त्यानंतर मधल्या सुट्टीत मी त्याची नक्कल करायची आणि मैत्रिणी म्हणायच्या, पुन्हा कर.

त्या वर्षीच्या गॅदरिंगला आपल्या वर्गानं एक नाटुकलं केलं, ते मी लिहिलं होतं. माझं पहिलं लेखन. त्यात एक नोकर होता आणि त्याच्या तोंडी मी त्या मुलाची वाक्यं घातली होती. "मालक, मले काहून आवाज देल्ला?" एवढं म्हटलं की हॉलमध्ये टाळ्या. बक्षीसही मिळालं. तो मुलगा समोर सतरंजीवर बसलेला होता. दुसऱ्या वर्षी तो शाळेत दिसला नाही. का, ते मला माहीत नाही. कदाचित काकांची बदली झाली असेल, कदाचित घरची अडचण असेल. नाटुकल्यामुळे गेला असं मी म्हणत नाही. पण तो गेला हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं, ते ‘धग’ वाचताना आलं. माझी आजीही आर्वीचीच, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

यानंतर मी नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ वाचली. खरे आपल्या नागपूरचे. व्यवसायानं स्थापत्य अभियंता, ‘आजचा सुधारक’च्या संपादनात होते. २०२२ मध्ये गेले. ‘उद्या’ या त्यांच्या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांनी तो नम्रपणे नाकारला होता, ते पुष्कळांना आठवत असेल. ‘अंताजीची बखर’ अठराव्या शतकातली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्यांमध्ये अंताजी नावाचा एक चलाख माणूस आहे आणि तो आपली हकीकत सांगतो. आपण शाळेत रघूजी भोसल्यांचा पराक्रम शिकलो, उत्तर लिहून पाच मार्क घेतले. त्याच मराठी स्वारांना बंगालात ‘बर्गी’ म्हणत आणि बर्गी आले म्हणून आया मुलांना झोपवत, हे आपल्या उत्तरात नव्हतं. खरे हे सगळं ओरडून सांगत नाहीत. त्यांचा अंताजी भरपूर हसवतो, पण तो जास्त करून स्वतःला आणि स्वतःच्या लोकांना हसतो. माझ्या नाटुकल्यातला विनोद आणि हा विनोद यांत काय फरक आहे ते मला त्या पुस्तकानं दाखवलं. माझ्या विनोदात मी स्वतः कुठेच नव्हते.

चौथी सदानंद देशमुखांची ‘बारोमास’. हे बुलढाणा जिल्ह्यातले. कादंबरी २००२ ची, २००४ साली तिला साहित्य अकादमी मिळालं. एकनाथ तनपुरे शिकलेला आहे, पण शिक्षकाच्या नोकरीसाठी भरायला पैसे नाहीत, म्हणून शेतीत परतलेला. शेतीत काही उरत नाही. बायको अलका शिकलेली, तिला हे आयुष्य नको आहे. बापाचा जीव जमिनीत, धाकट्या भावाला त्या जमिनीचे पैसे दिसतात. सगळेच आपापल्या जागी बरोबर असतात आणि घर फाटत जातं. इथे बसलेल्या शिक्षकांना ही कादंबरी माझ्यापेक्षा जास्त कळेल. आपल्या वर्गातला तो मुलगा शिकून गावी परतला असता तर त्याच्या वाट्याला काय आलं असतं, याचा एक अंदाज मला एकनाथमध्ये दिसला. मी त्याला शोधत ‘बारोमास’ वाचली असं म्हटलं तरी चालेल.

शेवटची कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेल्या गावातला माणूस मागे राहिलेल्या आपल्या म्हशीला आणायला जुन्या जागी परत जातो. म्हैस आता रानटी झालेली आहे. गोष्ट कोल्हापूरकडची, पण वैनगंगेवरच्या गोसीखुर्दमुळे उठलेली गावं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ती परकी वाटणार नाही. भाषा मात्र थेट पन्हाळ्याच्या रानातली. पहिली दहा पानं मला जड गेली. शब्द अडत होते. मग मोठ्यानं वाचायला लागले आणि पंधराव्या पानापासून कान लागला. पुस्तक संपेपर्यंत मला एकदाही कोश उघडावा लागला नाही.

आता शब्द मोडते आणि माझ्या पुस्तकाकडे येते. पहिल्या कादंबरीत माझी आजी आहे. नाव बदललं आहे, बाकी तीच. शेवटच्या आजारपणात ती नातीला जवळ बोलावते आणि म्हणते, "बाळ, माझी काळजी करू नकोस. मी आता थकले आहे." हे वाचून माझ्या दोन मैत्रिणी रडल्या होत्या आणि मला फार बरं वाटलं होतं. मग एक दिवस अचलपूरहून एका वयस्कर वाचकाचा फोन आला. म्हणाले, "ताई, पुस्तक आवडलं. एकच विचारतो, राग मानू नका. तुमची आजी पुण्याची होती काय?"

मी राग मानला. प्रमाण भाषेत लिहिलं नाही तर पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळत नाही, असं काहीतरी त्यांना ऐकवलं. हे माझं खरोखरचं मत होतं. ‘रिंगाण’नं ते खोटं ठरवलं. मला जर पन्हाळ्याची भाषा पंधरा पानांत कळते, तर कोल्हापूरच्या वाचकाला माझ्या आजीची का कळू नये?

आणि मग ते नाटुकलं आठवलं. म्हणजे वऱ्हाडी मला लिहिता येत नव्हती असं नाही. आठवीत मी ती झकास लिहिली होती, लोक हसावेत म्हणून. हसवायचं होतं तेव्हा मी ती भाषा घेतली आणि रडवायचं होतं तेव्हा टाकून दिली. माझी आजी ‘मी येते’ म्हणत नसे, ‘मी येतो’ म्हणे. आमच्याकडच्या जुन्या बाया असंच बोलत. मरताना ती जे म्हणाली ते मला शब्दन् शब्द आठवतं. "माही कायजी नोको करू वं. थकली मी आता." हे वाक्य माझ्याकडे होतं आणि मी ते छापलं नाही, कारण मला भीती होती की तुम्ही हसाल.

स्वतःचं पुस्तक स्वतः छापण्याचे तोटे मी सांगितले. एक फायदा आहे. कोणाला विचारावं लागत नाही. तीनशेपैकी आता बेचाळीस प्रती उरल्या आहेत. त्या संपल्या की नवी आवृत्ती काढणार आहे आणि तिच्यात आजी आर्वीची असेल. सगळे संवाद बसून पुन्हा लिहिले आहेत, चार महिने लागले. अचलपूरच्या त्या वाचकांना फोन करून पहिलं प्रकरण ऐकवलं. त्यांनी तीन शब्द दुरुस्त केले.

आज सांगितलेली पाचही पुस्तकं मी शाळेच्या ग्रंथालयासाठी आणली आहेत, बाई, ती तुमच्याकडे देते. ज्यांना आत्ताच वाचायची आहेत त्यांनी ‘माणूस’पासून सुरुवात करावी, ती लवकर वाचून होते.

आणि एक विनंती. संयोजकांनी आपल्या तुकडीची यादी केली आहे. दहावीला बसलेले सगळे तिच्यात आहेत. तो मुलगा दहावीपर्यंत आपल्यात नव्हता, म्हणून यादीत नाही. कोणाकडे त्याचा ठावठिकाणा असेल तर जेवताना मला सांगा. काकांचं घर कुठे होतं एवढं आठवलं तरी चालेल. तो भेटला तर मी त्याला पुस्तक देणार नाही. आधी भेटणार आहे.