दंतौषधे आणि दाताची जिवंत पेशी

धुळ्याची गाडी जेथून फुटते, त्या चाळीसगावी काय किंवा अन्यत्र काय, रात्री दाढ ठणकू लागली म्हणजे घरातील वडील माणसे लवंगेच्या तेलाची बाटली शोधू लागतात. तेलात भिजविलेला कापसाचा बोळा दाढेत ठेवताच कळ मंदावते. परंतु कळ थांबली म्हणजे दात बरा झाला काय?

दात हा निर्जीव खडा नव्हे. शुभ्र कवचाच्या आत दंतिनाचा थर व त्याच्याही आत मऊ गर असतो. त्या गरात रक्तवाहिन्या, मज्जातंतू व दंतिन घडविणाऱ्या पेशी नांदत असतात. औषधाचा खरा न्याय या पेशींपाशीच होतो.

तो न्याय पाहण्यासाठी संशोधक काढून टाकलेल्या अक्कलदाढेतील गर घेतात आणि त्यातील पेशी पोषक द्रवात, ३७ अंश उष्णतेवर वाढवितात. मग द्रवात औषध मिसळतात. निरोगी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली लांबट, पसरलेल्या दिसतात. विषाने पीडलेल्या आकसून गोल होतात व तळापासून सुटतात. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका रीतीत पिवळे द्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याला जांभळे करतात, मृत पेशींना ते साधत नाही. रंग जितका गडद, तितक्या पेशी जिवंत.

लवंगेच्या तेलातील युजेनॉल अल्प प्रमाणात वेदना शमविते. तेच दाट झाले की पेशी मारते. मुळाची पोकळी धुण्याचे सोडियम हायपोक्लोराइट जंतूंबरोबर जिवंत ऊतीही विरघळविते; म्हणून ते मुळाबाहेर जाऊ न देण्याची दक्षता वैद्यास घ्यावी लागते.

सर्वांत नवलाचा आहे तो विझविलेला चुना. त्याचेच शुद्ध रूप, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, जर्मन दंतवैद्य हेर्मान यांनी १९२० साली दंतोपचारात आणले. ते उघड्या गराला लागताच त्याचा पातळ थर करपतो. परंतु त्याखालील पेशी जागृत होऊन नव्या दंतिनाचा पूल बांधू लागतात. इजा आणि उपचार येथे एकाच द्रव्यात वसतात. अर्थात पानाच्या डबीतला चुना दाढेत भरावा, असा याचा अर्थ नव्हे; तो अशुद्ध असतो आणि तोंड भाजतो.

काचपात्रातील निकाल मुखात जसाच्या तसा उतरत नाही, हेही ध्यानी ठेवावे. तोंडात दंतिनाचा थर औषधाला अडवितो आणि रक्तप्रवाह त्यास सौम्य करतो. परंतु कीड खोल गेली की हा थर पातळ होतो, आणि घरगुती तेलाचा थेंब थेट गरापर्यंत पोहोचू शकतो. शिवाय कळ शमली तरी कीड आत पोखरतच राहते. तेव्हा लवंगेचे तेल एका रात्रीचा सोबती मानावे. सकाळी मात्र दंतवैद्याचे दार ठोठवावे. गर जिवंत आहे तोवरच दात वाचविणे सोपे असते.