काटा कुणाचा?

(मार्केट यार्डातल्या वस्तीत पोरांपुढे केलेलं भाषण)



मला नागराज मंजुळेवर बोलायला सांगितलंय. नुसतं कौतुकच करायचं असेल तर माझी गरज नाही, ते काम पेपरवाले करतात. आपण जिथं बसलोय तिथूनच सुरुवात करू. पलीकडं गूळ-भुसाराचे गाळे आहेत. पोतं आपला बाप उचलतो. काट्यावर उभा राहणारा तोलणारही आपल्यातलाच. पण काटा गाळ्याच्या मालकाचा. भाव फुटतो तेव्हा पोतं उचलणाऱ्याला कुणी विचारत नाही.

सिनेमाचा कॅमेराही असाच काटा आहे. कुणाच्या दुःखाचं वजन किती, ते तो ठरवतो. १९१३ ला फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. त्या कथेत राजाला स्मशानात डोंबाची चाकरी करावी लागते आणि लोक डोळे पुसतात. डोंब तर जन्मभर तेच करतो. त्याच्यासाठी कोण रडलं? पुढे १९३६ ला 'अछूत कन्या' आला. अस्पृश्य पोरगी झाली देविका राणी! मग आला आपल्या बापाचा लाडका बच्चन. 'दीवार'मध्ये, १९७५ ला, गोदीतला हमाल. 'कुली'मध्ये, १९८३ ला, स्टेशनावरचा हमाल. बिल्ला दंडावर बांधून त्यानं टाळ्या घेतल्या. हमालांनी पदरचे पैसे देऊन त्या वाजवल्या. पण गावाकडून हमाली करायला शहरात कोण येतं, का येतं, कुठल्या वाड्यातून येतं, ते पडद्यावर कुणी सांगितलं नाही. घाम दाखवला, जात झाकली.

आता या काट्याला हात घालणारा हा माणूस बघा. नागराज सोलापूर जिल्ह्यातला, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा. वडार समाजातला. म्हणजे पिढ्यान् पिढ्या दगड फोडणाऱ्यांचा पोरगा. पुणे विद्यापीठात मराठीत एम. ए. झाला. त्या विद्यापीठाला २०१४ ला सावित्रीमाईंचं नाव मिळालं. आधी कविता लिहिल्या, 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा त्याचा संग्रह. मग तेव्हाच्या अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, कम्युनिकेशन शिकायला गेला आणि विद्यार्थी असतानाच 'पिस्तुल्या' नावाची छोटी फिल्म केली. शाळेची ओढ लागलेल्या पोराची गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शिकायला बसलेल्या पोरानं वर्गातच मास्तरकी केली म्हणा ना!

१५ जानेवारी २०१४ ला नामदेव ढसाळ गेले. बरोबर महिन्यानं, १४ फेब्रुवारीला, 'फँड्री' थेटरात लागला. त्यातला जब्या कैकाड्याचा. शालूसमोर रुबाब करावा म्हणून जत्रेत नाचायला जातो आणि डोक्यावर गॅसबत्ती येते. दुसऱ्यांनी नाचायचं, आपण उजेड धरायचा. पुढं सगळ्या शाळेच्या डोळ्यांदेखत डुक्कर धरायची पाळी. त्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं, आणि डुक्कर तेवढं मोकळं पळतं. थेटरात लोक हसले. हसून झाल्यावर कुणाकुणाचा घसा कोरडा पडला. मग बाप-लेक काठीला डुक्कर टांगून शाळेच्या भिंतीवरनं निघतात. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई, गाडगेबाबा. भिंतीवर आमचे महापुरुष आणि भिंतीखाली आम्ही, खांद्यावर तेच ओझं. आपल्या वस्तीतही कमान आहे, पुतळा आहे, निळा झेंडा आहे. कमानीखालून आपण काय वाहून नेतोय, हे कधी बघितलंय का?

शेवटी जब्या दगड मारतो. सरळ कॅमेऱ्यावर. म्हणजे तिकीट काढून बसलेल्या तुमच्या-माझ्या तोंडावर. दगड फोडणाऱ्याच्या पोरानं हा दगड नीट नेम धरून मारला.

या सिनेमात नागराज स्वतः चंक्या झालाय, सायकलच्या दुकानाचा. नट म्हणून तो पुढंही दिसला, 'सैराट'मध्ये क्रिकेटची कॉमेंट्री करताना, 'नाळ'मध्ये बाप म्हणून. पण नट म्हणून त्यानं नवीन काय केलं? त्याचा चेहरा आपल्या चुलत्यासारखा आहे. तो त्यानं रंगवून झाकला नाही. जब्या झालेला सोमनाथ अवघडे गावाकडचा शाळकरी पोरगा. कॅमेरा ठाऊक नसलेल्या या पोरानं राष्ट्रीय पुरस्कार घेतला. अकलूजची रिंकू राजगुरूही तशीच. म्हणजे गावात नट होतेच. बघणारा डोळा नव्हता.

आता जड गोष्ट. 'फँड्री' लागून अडीच महिने झाले नाहीत तोच, २८ एप्रिल २०१४ ला, त्याच नगर जिल्ह्यात खर्ड्याला नितीन आगे या आपल्या शाळकरी पोराला हालहाल करून मारलं. वय सतरा. गुन्हा काय? वरच्या जातीतल्या पोरीशी बोलल्याचा संशय. पडद्यावरचा जब्या दगड मारून सुटला. खर्ड्याचा जब्या सुटला नाही. साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ ला कोर्टात आरोपी निर्दोष सुटले. मग मारलं कुणी? वाऱ्यानं?

या दोन तारखांच्या मध्ये, २९ एप्रिल २०१६ ला, 'सैराट' आला. पाटलाची आर्ची, पारध्याचा परश्या. कमाई शंभर कोटींच्या वर. मराठी सिनेमानं एवढा पैसा कधी बघितला नव्हता. अजय-अतुलच्या गाण्यावर सगळा महाराष्ट्र नाचला. वरातीत नाचला, गणपतीत नाचला, आपल्या जयंतीतही नाचला. पण शेवटची पाच मिनिटं आठवा. आवाज बंद. रक्तात पाय भरलेलं लेकरू दारातून बाहेर येतं. त्यावर नाचता येत नाही. म्हणून बाजारानं गाणी उचलली आणि लेकरू तिथंच सोडलं. त्याच सिनेमात ढसाळांची कविता शिकवणाऱ्या मास्तराच्या पाटलाचा पोरगा भरवर्गात मुस्काटात मारतो. ती थप्पड किती जणांना आठवते? हात वर करा. बघा!

काही मित्र म्हणतात, नागराज बाजारात गेला, कोट्यधीश झाला. अरे, बाजारात आपण सगळेच आहोत, यार्डात बसून हे बोलतोय. प्रश्न तो गेला का, हा नाही. काय घेऊन गेला, हा आहे. ४ मार्च २०२२ ला 'झुंड' आला. नागपूरच्या विजय बारसेंनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलला लावलं, त्यावरचा. त्यात बिल्लेवाला बच्चन म्हातारा होऊन आपल्या जयंतीत येतो आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभा राहतो. हमालाची जात झाकलेल्या पडद्यावर शेवटी बाबासाहेब आले. त्यासाठी चाळीस वर्षं गेली आणि जेऊरचा एक पोरगा लागला.

पण त्याची आरती करू नका. राजकारणातल्या भक्तीबद्दल बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावून ठेवलंय. तेच सिनेमाला लागू. शिवाय नागराज एकटा किती वाहील? नितीनचा खटला पडला तेव्हा सिनेमा कामाला आला नाही. तिथं न फुटणारा साक्षीदार लागतो. त्याला आधार देणारी, तारखेला कोर्टात हजर राहणारी संघटना लागते. ते काम पडद्याचं नाही, आपलं आहे.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पहाटे बापाच्या पाठीवर पोतं चढतं ते टिपा. आई फुलबाजारात माळा ओवते ते टिपा. तिला विचारा, तू गाव का सोडलंस? ती सांगेल ते लिहून काढा. आपलं वजन आता आपणच करायचं, दोस्तांनो. पण करताना काटा मारू नका. आपल्या बाजूनंसुद्धा नाही.

जयभीम!