प्रॉक्सीखालचा बोगदा

मंडळी, कचेरीतला प्रॉक्सी म्हणजे आपला पत्रादेवीचा नाका. गाडी कुठे चालली ते कळतं, पण एन्क्रिप्टेड असली की आतला माल दिसत नाही.

आमच्याकडे एक संगणक दिवसभर एकाच अनोळखी आकडी पत्त्याशी, पोर्ट ४४३ वर, जोडलेला दिसला. वेबपानाची जोडणी लवकर मिटते, ही मिटेना. आरंभीच टीएलएसऐवजी ‘एसएसएच’ उमटलं, म्हणजे बोगदाच!

पोरगा क्रिकेट बघत होता. हसू नका, त्याच बोगद्यातून परका माणूस उलटा आत शिरू शकतो, तुमच्या-आमच्या १-१४ च्या उताऱ्यांपर्यंत.

नुसत्या आकडी पत्त्यांना जाणाऱ्या जोडण्या बंद केल्या. पोराला मेमो मात्र मी देऊ दिला नाही. कामाच्या दोन साइट उगाच अडवल्या होत्या, त्या आधी उघडून दिल्या.