खराटा आणि सवाल

(लोणार येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



समाजवादी कार्यकर्त्यांत एक वाद फार जुना आहे. कोणी एखाद्या आजारी म्हाताऱ्याला दवाखान्यात नेले, एखाद्या मुलीच्या वह्यापुस्तकांची सोय केली, उन्हाळ्यात पाणपोई चालविली, की दुसरा कोणी लगेच म्हणतो, "हा दानधर्म झाला. याने व्यवस्था बदलत नाही, उलट तिचे आयुष्य वाढते." त्यावर पहिला उत्तर देतो, "व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल. म्हातारा आज तापाने फणफणला आहे." दोघेही खरे बोलतात, म्हणूनच हा वाद मिटत नाही. पण वाद मिटत नाही याचा परिणाम मात्र वाईट होतो. सेवा करणारे राजकारणापासून दूर जातात आणि राजकारण करणाऱ्यांना माणसांची धुणी-भांडी, आजारपणे, कर्जे यांची ओळख राहत नाही. पहिल्यांचा संघर्ष सुटतो, दुसऱ्यांचा जिव्हाळा आटतो.

या वादाचा निवाडा करण्यासाठी परदेशी ग्रंथ उघडण्याचे कारण नाही. वऱ्हाडच्याच मातीत एक माणूस होऊन गेला. डोक्यावर मडक्याचे खापर, अंगात चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्याचे नाव. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परीट समाजात त्याचा जन्म झाला. वडील दारूपायी लवकर गेले. पोर आईबरोबर मामाच्या घरी दापुऱ्याला आले, गुरे राखली, नांगर धरला. पुढे मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. कर्ज म्हणजे काय, व्यसन म्हणजे काय, अज्ञान म्हणजे काय, हे त्याला कोणी व्याख्यानातून शिकविले नाही. ते घरातच भोगावे लागले. 1905 साली त्याने घर सोडले आणि 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलावर, प्रवासातच, देह ठेवला. मधली पन्नास वर्षे लोक त्याला गाडगेबाबा म्हणू लागले होते.

अक्षरओळख नसलेल्या, घरदार नसलेल्या या एकट्या माणसाने काय केले, याची यादी लांबलचक आहे. ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट बांधविला. मूर्तिजापूर, नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर येथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा उभारला. कारण खेड्यातून आलेला माणूस आपल्या रोग्यासाठी महानगरातल्या फुटपाथवर निजतो, हे त्याच्या ध्यानी आले होते. अन्नछत्रे, शाळा, वसतिगृहे, गोरक्षण, हे सारे निराळेच. परंतु यादीपेक्षा रीत महत्त्वाची आहे. कार्यकर्त्याने अभ्यास करावयाचा तो या रीतीचा.

पहिली गोष्ट अशी की, गाडगेबाबांच्या सेवेत घेणाऱ्याची मान खाली जात नसे. गावात आले की ते प्रथम खराटा घेऊन रस्ते झाडू लागत. भाकर मागावयाची ती झाडल्यानंतर. म्हणजे जो द्यावयास आला होता तोच सर्वांत खालचे मानले गेलेले काम करीत होता. ज्या समाजात झाडण्याचे काम विशिष्ट जातीच्या माथी मारलेले होते, तेथे हा केवळ स्वच्छतेचा उपक्रम नव्हता. पाटलाच्या वाड्यासमोर खराटा फिरविणारा साधू पाहिला म्हणजे पाटलालाही खराटा हाती घ्यावा लागे. शब्दांनी जातीवर जितका आघात होतो त्याहून अधिक आघात अशा कृतीने होतो.

दुसरी गोष्ट पैशाची. लाखोंच्या इमारती उभ्या राहिल्या, पण त्यातला पैसा त्यांनी स्वतःसाठी हाताळला नाही. धर्मशाळांवर विश्वस्त नेमले, हिशेब लोकांसमोर ठेवले. आपल्या आप्तांचा या मालमत्तेवर हक्क राहू नये अशी तजवीज केली. त्यांच्या पत्नी कुंताबाई झोपडीतच राहिल्या. त्यांनी कोणाला शिष्य केले नाही, कोणाचे गुरुपद घेतले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. उभारलेले काम दुसऱ्याच्या हाती निःशंकपणे सोपविता येणे, ही सेवाभावाची खरी परीक्षा आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. दिवसभर खराटा चाले आणि रात्री कीर्तन होई. त्या कीर्तनात पुराण कमी आणि प्रश्न अधिक असत. देव दगडात आहे काय? कर्ज काढून यात्रा का करता? ऋण काढून लग्ने का लावता? पोरांना शाळेत का पाठवीत नाही? माणसाला विटाळ कसला? लोक हसत, उत्तरे देत आणि उत्तरे देता देताच विचारात पडत. दिवसा गावातील घाण निघे, रात्री डोक्यातील. खराटा आणि सवाल ही त्यांची जोडी होती. नुसता खराटा असता तर गावकऱ्यांना फुकटचा झाडूवाला मिळाला असता. नुसता सवाल असता तर तो कोणी ऐकलाही नसता. झाडणाऱ्याने विचारला म्हणून सवालाला वजन आले.

आता आजच्या सेवाकार्याकडे पाहावे. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला सरकारी दवाखान्यात फळवाटप होते. एका केळ्याला दहा हात लागतात, अकरावा हात रोग्याचा असतो आणि छायाचित्रात तोच दिसत नाही. वह्यांचे वाटप होते. वहीच्या मुखपृष्ठावर देणाऱ्याचा चेहरा असतो, म्हणजे पोराने वर्षभर त्या चेहऱ्याखाली गणिते सोडवावयाची! या दयेला खराटाही नाही आणि सवालही नाही. त्या दवाखान्यात औषध का नाही, डॉक्टरची जागा रिकामी का, हे फळवाटपवाला विचारीत नाही. कारण विचारले तर उत्तर पुष्कळदा त्याच्याच पक्षाकडे मागावे लागेल.

तथापि एकट्या माणसाच्या करुणेला सीमा आहेत, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. गाडगेबाबांच्या नावाने जी दहा कलमांची शिकवण सर्वत्र भिंतींवर लिहिलेली आढळते, ती नीट वाचावी. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, निराशाला धीर, ही कामे एक माणूस, एक गाव करू शकते. पण त्याच यादीत गरीब मुलांचे शिक्षण आहे, रोग्यांचे औषधपाणी आहे, बेघरांचा आसरा आहे आणि बेकारांचा रोजगारही आहे. रोजगार कोणाच्या झोळीतून निघणार? तेथे दयेची वाट संपते आणि हक्काची वाट सुरू होते. बाबांना हे कळत होते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचे अनुदान सरकारने थांबविले, तेव्हा हा चिंध्या पांघरलेला माणूस मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांपाशी शब्द टाकावयास गेला. भिक्षेच्या पैशावर एक शाळा चालेल, हजारो मुलांचे शिक्षण चालणार नाही, हे तो जाणत होता.

पंढरपूरचेच उदाहरण घ्यावे. वारीला आलेल्या अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला टेकावयास जागा नव्हती. चोखामेळा धर्मशाळेने ती दिली. परंतु विठ्ठलाच्या मंदिराचे दार धर्मशाळेने उघडले नाही. त्यासाठी साने गुरुजींना महाराष्ट्रभर हिंडावे लागले आणि 1947 च्या मे महिन्यात, 1 तारखेपासून 10 तारखेपर्यंत, प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. छप्पर करुणेने दिले, दार संघर्षाने उघडले. यातील थोर कोणते हा प्रश्नच चुकीचा आहे. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला दाराची लढाई लढण्याचे बळ राहत नाही. आणि ज्याच्यासाठी दार कायम बंद आहे त्याला छप्पर कितीही दिले तरी तो उपराच राहतो.

दुसरे उदाहरण भाकरीचे. 1970 ते 1973 या वर्षांत महाराष्ट्र दुष्काळाने होरपळला. गावोगावी लोकांनी एकमेकांना धान्य दिले, सेवाभावी मंडळींनी अन्नछत्रे चालविली. पण 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली, तेव्हा कोणत्या अन्नछत्राला एवढ्यांचे पोट पेलणार होते? त्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या चिकाटीतून आणि मजुरांच्या मोर्चांच्या रेट्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आकाराला आली. 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. हाताला काम मागणे ही याचना न राहता हक्क झाला. शहरातील नोकरदाराच्या व्यवसाय करातून खेड्यातील मजुराची मजुरी निघू लागली. ही करुणाच होती. पण कायद्यात बसविलेली, म्हणून कोणाच्या लहरीवर न अवलंबणारी.

आणि कर्ज? ज्या सावकारीने डेबूजीच्या मामाची जमीन नेली ती वऱ्हाडातून गेली काय? 2006 साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांना विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी खास पॅकेज जाहीर करावे लागले. त्या सहांत बुलडाणा जिल्हा होता. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी शेजारी धान्याचे पोते नेऊन टाकतो, मुलाची फी भरतो. ते पोते पवित्र आहे. परंतु पोते टाकून परतताना कापसाचा आणि सोयाबीनचा भाव, बँकेने नाकारलेले पीककर्ज, पाण्याचे वाटप यांविषयी जो काहीच विचारीत नाही, त्याला पुढच्या वर्षी दुसऱ्या घरी पोते न्यावे लागते.

डॉ. राममनोहर लोहियांनी समाजवाद्यांपुढे फावडे, मत आणि तुरुंग अशी त्रिसूत्री ठेवली होती. रचना, निवडणूक आणि सत्याग्रह. कालांतराने मत उरले, तुरुंग क्वचित आठवला, फावडे तर कोपऱ्यात गंजून गेले. गाडगेबाबांचा खराटा हा त्या फावड्याचा सख्खा भाऊ आहे. तो पुन्हा हाती घेतल्यावाचून मताला आणि तुरुंगालाही अर्थ यावयाचा नाही.

मग या लोणारात काय करावे? उल्कापाताने घडलेल्या या विवरातील खाऱ्या सरोवराला 2020 च्या नोव्हेंबरात रामसर स्थळाचा जागतिक दर्जा मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी धाव घेतली. पण नवरात्रात कमळजादेवीच्या यात्रेला येणाऱ्या बायाबापड्यांची सोय, धारेवरची स्वच्छता, गावातून उताराने सरोवराकडे जाणारे सांडपाणी, हे प्रश्न गुलाबी नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी कोणी धावत नाही. कार्यकर्त्याने यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, फलक न लावता, छायाचित्रकार न बोलाविता, खराटा घेऊन तेथे जावे. आठवड्यातून एक दिवस एखाद्या निराधार म्हातारीचा पेन्शनचा अर्ज भरून द्यावा, एखाद्या रोग्याबरोबर संभाजीनगरला किंवा अकोल्याला जावे. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद एका साध्या वहीत ठेवावी: कोणाला काय हवे होते आणि ते मुळात का मिळाले नाही. 'काय' हा रकाना सेवेचा, 'का' हा रकाना राजकारणाचा. वर्षाअखेरीस ती वही घेऊन नगरपरिषदेत, ग्रामसभेत, तहसील कचेरीत जावे आणि दुसऱ्या रकान्यातील एकेक ओळ मोठ्याने वाचावी. ज्यांच्यासाठी काम केले तीच माणसे त्या वेळी पाठीशी उभी राहतील. कारण सवाल त्यांचाच असेल आणि विचारणाऱ्याच्या हातातील खराटा त्यांनी पाहिलेला असेल.

महाराष्ट्र सरकारने 2000 साली गाडगेबाबांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान काढले, गावांना बक्षिसे दिली. अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे. चांगलेच झाले. परंतु खराट्याला बक्षीस देता येते, सवालाला देता येत नाही. म्हणून शासनाच्या गौरवात तो मागे राहतो. तो जिवंत ठेवण्याचे काम कोणत्याही सरकारचे नव्हे. ते कार्यकर्त्याचे आहे.