कापूस शेतकऱ्याचा, बंदी सरकारची



धोरण बदलताना जपून, असे कोणी म्हटले की त्याला लगेच प्रतिगामी ठरवले जाते. पिंप्राळ्याचे हे साहित्यिक व्यासपीठ तो शिक्का नाकारते. लोकांच्या भल्याचे नाव सांगून सरकार जेव्हा माणसाचा हक्क काढून घेते, तेव्हा त्याची गरज सरकारने सिद्ध करायची असते. खानदेशाला हे कापसाने शिकवले आहे.

1972 मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. हेतू चांगला होता. व्यापाऱ्याच्या काट्यावर शेतकरी नागवला जात होता, हे खोटे नाही. पण उपाय काय निघाला? घरचा कापूस सरकारी यंत्रणेखेरीज कोणालाही विकायला बंदी! ग्रेडरने प्रत खाली लावली तर गाडी दुसऱ्या दारात न्यायची सोय उरली नाही. चुकारे हप्त्याहप्त्याने, तेही रखडत. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात सेंधव्याला भाव चढा असला आणि गाडी तिकडे निघाली, की ती तस्करी ठरे. स्वतःच्या रानात वेचलेल्या कापसाची तस्करी! अखेर योजना तोट्यात बुडाली आणि 2002 च्या सुमारास खासगी खरेदीला दार उघडावे लागले. तोवर तीस वर्षे गेली होती. सरकारने काटा मांडावा, हमीभाव द्यावा. शेजारचा काटा फेकून देण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

शेतकरी नेते शरद जोशी शेतकऱ्यासाठी हेच बाजारस्वातंत्र्य मागत राहिले. 2020 चे तीन कृषी कायदे बरेचसे त्याच दिशेचे होते. पण आधी वटहुकूम, मग राज्यसभेत गदारोळात आवाजी मतदान. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले आणि 2021 मध्ये कायदे मागे गेले. घाईने चांगल्या बदलाचाही घात केला.

आता परंपरेचा कैवार घेणाऱ्यांनाही खडसावले पाहिजे. 1891 च्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारावर नेले. टिळकांनी विरोध केला: परक्या सरकारने घरात हात घालू नये, समाजाने आपणहून सुधारावे. मुलींची लग्ने सोळाव्या वर्षाआधी न करण्याचे बंधन सुधारकांनी स्वतःवर घालून घ्यावे, असे त्यांनीच सुचवले होते. सरकारला अडवण्यामागचा त्यांचा विचार पोकळ नव्हता. पण त्या घरातली अकरा वर्षांची मुलगीही एक व्यक्तीच होती, आणि तिचे स्वातंत्र्य या युक्तिवादात कुठेच नव्हते. आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली. ते बरोबर होते.

आता पुन्हा बाजाराकडे येऊ. कांद्याचे उदाहरण घ्या. डिसेंबर 2023 मध्ये एका अधिसूचनेने निर्यात बंद झाली. 31 मार्चपर्यंतची म्हणून लावलेली बंदी मार्चमध्येच बेमुदत वाढली आणि मे 2024 मध्ये उठली. साक्रीच्या कांदा उत्पादकाला कोणी विचारले नाही. म्हणून या सभेने ठराव करावा: बाजार बंद करणाऱ्या आदेशाला संसदेतील चर्चेशिवाय मुदतवाढ नको, आणि बंदीने पाडलेल्या भावाची भरपाई सरकारने द्यावी. हा ठराव जळगाव, रावेर आणि धुळ्याच्या खासदारांकडे याच आठवड्यात जावा, आणि त्यांचे उत्तर लेखी मागावे.