आरसा आणि बुडालेली मजुरी



मुखाच्या कर्करोगाची मोठी अडचण अशी की, आरंभी तो बहुधा दुखत नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दिवसाची मजुरी बुडविणे हमालाला, ऊसतोडणी कामगाराला वा घरकाम करणाऱ्या बाईला परवडत नाही. वेदना सुरू झाल्यावर दवाखाना गाठला जातो, तेव्हा रोग पुष्कळदा मानेच्या गाठींपर्यंत पोहोचलेला असतो. वाचविलेल्या एका रोजाची किंमत मग सारे कुटुंब वर्षानुवर्षे फेडीत राहते.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरीत असल्याचे आढळले. मिश्रीला तर व्यसन म्हणण्याचीच आपल्याकडे रीत नाही! गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. तिचे काय झाले ते कोणतीही टपरी सांगेल. तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगाला कारण होते.

तंबाखू सोडणे हा पहिला उपाय खराच. पण ज्यांनी वर्षानुवर्षे ती खाल्ली, त्यांनी महिन्यातून एकदा चूळ भरून, चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहावे. ओठ उलटावेत, गाल बोटाने ताणावेत, जिभेच्या कडा, तिच्याखालचा भाग आणि टाळू पाहावी, मान चाचपावी. तंबाखूची गोळी जेथे धरली जाते ती जागा अधिक बारकाईने तपासावी. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, त्याहूनही धोक्याचा असा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, हाताला लागणारी गाठ, तिखटाने होणारी आग, किंवा तीन बोटे एकावर एक धरून आत जाणार नाहीत इतके आखडलेले तोंड, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टर गाठावा. प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो; पण तो निवाडा आरशाने करावयाचा नाही.

आणि आरशाची थोरवी फार गाऊ नये. केवळ स्वपरीक्षेने मृत्यू घटतात, असा भक्कम पुरावा नाही. पुरावा आहे तो केरळातील. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन तोंडे तपासली. हे सेवक डॉक्टर नव्हते, साधे पदवीधर होते. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांत या रोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले होते. म्हणजे गरिबाच्या हाती आरसा देऊन शासनाला मोकळे होता येणार नाही. तिशीपुढील सर्वांची तोंडतपासणी २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात आहेच; ती कागदावरून वस्तीत आणवून घ्यावी लागेल.

कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी कोणत्या वारी होते आणि तुकडा काढून तपासण्याची सोय कोठे आहे, हे आधीच विचारून ठेवावे. चट्टा आढळलेल्या माणसाबरोबर स्वतः जावे, आणि त्या दिवसाचा रोज मुकादमाकडे मागावा.