दिएगो गार्सिया : एका बेटाची हकीकत



‘बड्या सत्तांचे परराष्ट्रधोरण’ असा विषय चालकांनी मला दिला आहे. विषय एवढा अफाट, की तासाभरात त्याची नुसती प्रस्तावनाच व्हायची. म्हणून मी आज एकच बेट घेतो. नकाशावर कन्याकुमारीपासून बोट दक्षिणेकडे सरकवत न्या. मालदीवची माळ संपली, की त्याच्याही खाली चागोस नावाचा बेटांचा पुंजका लागतो. त्यातले सर्वांत मोठे बेट दिएगो गार्सिया. आपल्या दक्षिण टोकापासून सुमारे १,८०० किलोमीटर दूर, क्षेत्रफळ अवघे २७ चौरस किलोमीटर. नारळाची झाडे, आणि जमिनीच्या कड्याने वेढलेले शांत, खोल पाणी. एवढ्याशा जागेवरून १९९१ साली इराकवर, २००१ साली अफगाणिस्तानवर आणि २००३ साली पुन्हा इराकवर बाँब टाकणारी अमेरिकन विमाने उडाली.

हे बेट अमेरिकेच्या हाती आले कसे? लढाई झाली नाही, कोणी हरले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया-आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होऊ लागले, तेव्हा अमेरिकन आरमाराला एक चिंता पडली. आज ज्या बंदरात आपल्या बोटी उभ्या राहतात, तेथे उद्या लोकांचे सरकार आले आणि त्याने ‘निघा’ म्हटले तर काय करायचे? आरमाराच्या नियोजन-कचेरीतील स्टुअर्ट बार्बर यांनी त्यावर तोड काढली. वस्ती नगण्य, मुख्य भूमीपासून दूर आणि अजून युरोपियनांच्या ताब्यात असलेली लहान बेटे आताच हेरून ठेवावीत. कल्पना तशी आपल्याला परकी नाही. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरीवर तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली आणि सिद्दीने शेजारची उंदेरी गाठली. असली बेटे कोणी पिकासाठी घेत नसतो. परंतु चागोसवर माणसे राहत होती, आणि सारी हकीकत येथेच कडू होते.

चागोस हा मॉरिशसचा भाग आणि मॉरिशस ही ब्रिटिशांची वसाहत. स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी मॉरिशसचे पुढारी सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनला गेले होते. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी शिवसागर रामगुलाम यांना वेगळे भेटीस बोलावले. त्या भेटीसाठी विल्सन यांना दिलेले टिपण पुढे उजेडात आले. स्वातंत्र्याची आशा दाखवावी आणि चागोस न सोडल्यास ते मिळणार नाही अशी धास्ती घालावी, असा त्याचा आशय. रामगुलाम यांनी मान तुकवली. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी चागोस मॉरिशसपासून तोडले गेले. बदल्यात ३० लाख पौंड मिळाले. वसाहतीचे असे तुकडे पाडू नका, असा ठराव संयुक्त राष्ट्रसंघाने त्याच वर्षी १६ डिसेंबरला केला. तो कागदावर राहिला. पुढच्याच वर्षी बेट ५० वर्षांसाठी अमेरिकेला दिले गेले. भाडे काही नाही. पण ब्रिटनला पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या खर्चात १ कोटी ४० लाख डॉलरची सूट गुपचूप मिळाली.

राहता राहिली माणसे. फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिका-मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे आणि हिंदुस्थानातून आलेल्या मजुरांचे हे वंशज. पाच-सहा पिढ्या तेथेच नारळ फोडून खोबरे वाळवीत जगलेले. राष्ट्रसंघाच्या सनदेप्रमाणे परतंत्र प्रदेशातल्या रहिवाशांच्या हिताचा हिशेब द्यावा लागतो. तो टाळायचा, तर रहिवासीच नाहीत असे दाखवणे आले. म्हणून लंडनच्या कारकुनीने त्यांना ‘कंत्राटी मजूर’ ठरवले. १९६६ च्या एका सरकारी टिपणात तर या लोकांची टारझन आणि फ्रायडे म्हणून चेष्टा केलेली आहे. बंदुकीपेक्षा हा टाक मला अधिक भयंकर वाटतो. औषधोपचारासाठी मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोट नाकारण्यात आली. बेटावर येणारा शिधा आटवला गेला. १९७१ साली लोकांची पाळीव कुत्री खोबरे वाळवण्याच्या कोठारात कोंडून धुराने मारली, आणि माणसांना बोटीत घालून नेले. १९७३ पर्यंत सुमारे दीड हजार लोक मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरवले गेले.

त्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या. ऑलिव्हिए बँकूल्ट हे त्यांचे पुढारी २००० साली लंडनच्या उच्च न्यायालयात जिंकले. २००४ साली सरकारने राणीच्या आदेशाने, पार्लमेंटमध्ये चर्चा न करता, परतीची वाट पुन्हा बंद केली. २००८ साली लॉर्ड्स सभेच्या न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. २०१९ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चागोस तोडणे बेकायदा होते, असा सल्ला दिला. मग २२ मे २०२५ रोजी ब्रिटनने मॉरिशसशी करारावर सही केली. सार्वभौमत्व मॉरिशसचे, पण दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे राहायचा, आणि त्यासाठी वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड मोजायचे. इतर बेटांवर वस्ती करायला मुभा. दिएगो गार्सियावर नाही. १९६५ साली धाकाने मिळवलेली संमती २०२५ साली पैसे मोजून घ्यावी लागली, एवढा बदल मात्र झाला. त्याला मी क्षुल्लक म्हणणार नाही.

आता आपल्याविषयी. डिसेंबर १९७१ मध्ये ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात शिरली, तेव्हा आपला संताप झाला होता. ज्या दिवशी ढाक्यात शरणागती झाली, त्याच दिवशी हिंदी महासागर हा शांतताक्षेत्र असावा, असा लंकेने पुढे आणलेला ठराव राष्ट्रसंघात मंजूर झाला. पुढे दिएगो गार्सियाविरुद्ध आपण वर्षानुवर्षे बोललो. २०२५ च्या कराराचे मात्र आपण स्वागत केले, आणि तळाबद्दलचा जुना आवाज आता खाली आला आहे. चीनची जहाजे या पाण्यात येऊ लागल्यापासून आपली गणिते बदलली, हे उघड आहे.

आणि आणखी एक बेट आहे. मॉरिशसच्याच मालकीच्या आगालेगावर भारताने धावपट्टी आणि धक्का बांधून दिला. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी दोन्ही पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले. हा लष्करी तळ नव्हे, असे मॉरिशसचे सरकार सांगते. बेटावर सुमारे ३०० माणसे राहतात, आणि त्यांच्यापैकी काहींनी ‘आमचेही चागोस होईल का?’ अशी शंका बोलून दाखवली आहे. तिचे उत्तर लंडन किंवा वॉशिंग्टनने द्यायचे नाही. आपल्या खासदारांना आपण ते विचारू शकतो. चागोसचे लोक १९६५ साली तसे कोणाला विचारू शकत नव्हते, कारण त्यांना खासदार नव्हता.